नोव्हेंबरचे लग्न आणि त्याआधीचा शनिवार

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की एक शनिवार पेन्सिल्वेनियातल्या लँकेस्टर परगण्यासाठी राखून ठेवावाच लागतो. घोड्यांच्या बग्ग्या, मक्याची शेते, दोरीवर वाळत घातलेले एकरंगी झगे, काकवीच्या चवीचा ‘शू-फ्लाय पाय’ आणि परतताना गोधड्या-मुरंब्यांच्या दुकानात अर्धा तास, असा तो ठरलेला कार्यक्रम असतो. त्या दुकानात बरण्यांशेजारी पुस्तकांचा एक फिरता स्टँड असतो आणि त्यावरच्या झाडून साऱ्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर पांढऱ्या टोपीतली एक तरुणी शेताकडे पाहत उभी असते. त्या परगण्यात जुन्या साध्या रीतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाचे नाव मराठी कानाला ‘आमिष’ असे ऐकू येते, हा निव्वळ योगायोग. पण त्या स्टँडपुढे उभे राहिले की तो फारच नेमका वाटू लागतो. बाप्तिस्मा झालेली आमिश स्त्री छायाचित्रासाठी अशी उभी राहत नाही, तेव्हा ती तरुणी बहुधा टोपी चढवलेली मॉडेलच असणार. गेल्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेने त्यातल्या दोन कादंबऱ्या घेतल्या, त्या आमच्या मराठी वाचनमंडळात हातोहात फिरल्या, आणि महिन्याभरात मंडळात दोन तट पडले.

एका तटाचे म्हणणे असे की, या कादंबऱ्या म्हणजे एका अबोल, प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या समाजाच्या जिवावर बाहेरच्यांनी चालवलेला धंदा आहे. लेखिका आमिश नाहीत, वाचक आमिश नाहीत, नफाही आमिशांकडे जात नाही. दुसऱ्या तटाचे उत्तर तितकेच ठाशीव होते: सोज्वळ वाचन आहे, आईने आणि लेकीने एकत्र वाचावे असे आहे, यात कुणाचे काय बिघडले? वाद पुढे बग्गीच्या कंदिलापर्यंत आणि झग्याला गुंड्या असतात की टाचण्या इथपर्यंत पोचला, आणि तिथेच रुतला. मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी लढला जातो आहे असे वाटते. या कादंबऱ्यांचा दोष त्या बाहेरच्यांनी लिहिल्या हा नाही, त्यांतली नायिका शेवटी आपल्याच समाजात राहते हाही नाही, आणि त्या सोज्वळ आहेत हा तर नाहीच. वयात येण्याची गोष्ट सांगतो असे म्हणून त्या वयात येण्याचा जो एकमेव निर्णय या समाजात खरोखर असतो, तोच नायिकेच्या हातून काढून घेतात, हा त्यांचा दोष आहे.

तो निर्णय म्हणजे बाप्तिस्मा. हे समजून घ्यायला पाचशे वर्षे मागे जावे लागते. १५२५ च्या जानेवारीत झुरिक शहरात मूठभर लोकांनी एकमेकांना दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, ज्याला आपण काय कबूल करतो आहोत हे कळते त्यानेच ही शपथ घ्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पण जन्मतःच प्रत्येकाला चर्चच्या आणि राज्याच्या दप्तरात नोंदवणाऱ्या व्यवस्थेला ते बंड वाटले. १५२७ च्या जानेवारीत त्यांच्यापैकीच फेलिक्स मांझ यांना त्याच शहरातल्या लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्याने ज्याने गुन्हा केला त्याला पाण्यानेच शिक्षा, असा त्यातला क्रूर विनोद. याच परंपरेतून १६९३ साली याकोब अम्मान यांच्या पाठीराख्यांचा वेगळा गट झाला, तेच आमिश. अठराव्या शतकात ते पेन्सिल्वेनियात येऊ लागले. १९०० साली उत्तर अमेरिकेत ते जेमतेम ५-६ हजार होते, आज ४ लाखांच्या आसपास आहेत. कपडे, बग्गी, विजेच्या तारेला नकार या गोष्टी पर्यटकाला दिसतात. परंतु या समाजाचा कणा आहे तो हा की, इथे कुणीही जन्माने पूर्ण सभासद होत नाही. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ‘रुमस्प्रिंगा’ सुरू होते, म्हणजे शब्दशः इकडेतिकडे फिरणे, आणि ते संपते ते मूल स्वतःहून बाप्तिस्मा मागते तेव्हा किंवा घर सोडून जाते तेव्हा. यातली मेख अशी की, बाप्तिस्म्याआधी निघून गेलेल्या मुलीवर मंडळीचा, म्हणजे गावातल्या चर्चसभेचा, बहिष्कार पडत नाही. ती नाताळात घरी येऊ शकते, आईबरोबर एका ताटाला जेवू शकते. बाप्तिस्मा घेऊन मग जी सोडून जाते तिच्यावर मात्र ‘माइडुंग’ लागू होते: तिचे ताट वेगळ्या टेबलावर, तिच्या हातून थेट काही घ्यायचे नाही, तिच्याशी व्यवहार करायचा नाही. नियमाची धार गावागणिक कमीजास्त असते, तत्त्व सगळीकडे तेच. म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या मुलीपुढे असा दरवाजा आहे, जो आत शिरेपर्यंत उघडा असतो आणि शिरल्यावर बाहेरच्या बाजूने मोठ्या किमतीवाचून उघडत नाही. कादंबरीकाराला आणखी काय हवे?

त्यात भर अशी की, आमिश मंडळीत लग्न व्हायचे तर दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. इथे प्रेम आणि शपथ यांची गाठ पडते. रविवारी संध्याकाळी एखाद्याच्या घरी तरुण मुलामुलींचे ‘सिंगिंग’ भरते; लांब टेबलाच्या एका बाजूला मुली, समोर मुलगे, गाणी सकाळच्या उपासनेतल्यापेक्षा द्रुत चालीची, आणि नंतर मुलगा मुलीला आपल्या उघड्या बग्गीतून घरी सोडतो. समजा, त्या बग्गीतल्या मुलावर तिचे मन जडले, त्याने बाप्तिस्मा घेतला आणि आता तो वाट पाहतो आहे. ती शपथ घेईल ती देवासाठी की या मुलासाठी? मुलासाठी घेतलेली शपथ ही शपथ ठरते का? ज्या परंपरेत ‘न कळता दिलेला होकार हा होकार नव्हे’ या एका वाक्यासाठी माणसे नदीत बुडवली गेली, त्या परंपरेतल्या मुलीला हा प्रश्न छळणारच. मी या प्रकारातल्या डझनभर कादंबऱ्या वाचल्या. त्यांत हा प्रश्न येतो, पण पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो आणि जातो. मध्यभागी बसलेला असतो दोन तरुणांमधला सामना: एक गावातला शांत सुतार किंवा शेतकरी, दुसरा बाहेरच्या जगातला मोटारवाला. मोटारवाला उथळ निघतो किंवा धर्मांतर करून सुतार होतो. सुताराचा गैरसमज दूर होतो. आणि बाप्तिस्मा शेवटून दुसऱ्या प्रकरणात, लग्नाच्या परवान्यासारखा, दोन परिच्छेदांत उरकला जातो. नायिकेने नवरा निवडलेला असतो. धर्म त्याच्याबरोबर रुखवतासारखा आलेला असतो.

आता विरोधी मुद्द्यांकडे वळू. बाहेरच्यांनी लिहिले हा आक्षेप मराठी वाचकाला नवा नाही. सहानुभूती की स्वानुभूती हा वाद दलित साहित्याच्या निमित्ताने आपल्याकडे दीर्घकाळ चालला, आणि ज्यांनी सोसले त्यांनी लिहिल्यावर भाषाच बदलते, हे त्या वादाने कायमचे शिकवले. तो धडा मी नाकारत नाही. आमिशांविषयी बाहेरच्यांनी काय काय लिहिले याचा इतिहासही फारसा अभिमानास्पद नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पेन्सिल्वेनियातल्या कादंबऱ्यांमध्ये हे ‘साधे लोक’ कंजूष, अडाणी आणि मुलींना राबवणारे म्हणून रंगवले जात. शतकाच्या अखेरीस तेच लोक संत झाले. १९९७ साली बेव्हर्ली लुईस यांची ‘द शनिंग’ आली आणि आजची लाट सुरू झाली. २०१२ या एका वर्षात अशा ८५ नव्या कादंबऱ्या निघाल्या, म्हणजे सरासरी दर चार दिवसांनी एक. तेव्हाही आणि आताही आमिश माणूस हा लेखकाच्या गरजेचा आरसा होता, हे मान्य. पण म्हणून बाहेरच्याने लिहूच नये, हा निष्कर्ष निघतो का? ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली तेव्हा नायिका यमूच्या तोंडून बोलणारे हरिभाऊ आपटे हे पुरुष होते. बाई नसलेल्याने केलेली ती चोरी, असे आज कोण म्हणेल? हरिभाऊंनी यमूचा प्रश्न सोपा केला नाही, तो तिच्याच घरात, तिच्याच शब्दांत, तिला कुठे कुठे बोचतो ते पाहिले. उलट बाजूने पाहा: १९४० साली आलेली ‘रोझॅना ऑफ द आमिश’ ही जोसेफ योडर यांनी आपल्या आईवर लिहिली. आई जन्माने आयरिश कॅथलिक, वाढली आमिश घरात. आणि लेखक स्वतः आमिश घरात वाढून आमिश मंडळीत न राहिलेला. हा माणूस आतला की बाहेरचा? शिवाय आज या प्रकारात लिहिणाऱ्यांत स्वतः आमिश असलेल्या स्त्रियाही आहेत, आणि आमिश घरांतही यातली पुस्तके वाचली जातात. तेव्हा लेखकाचा जन्मदाखला तपासून हा वाद मिटणार नाही.

बाहेरचेपणाचा खरा ठसा दुसरीकडे उमटतो, आणि त्याकडे आमच्या मंडळातल्या टीकाकारांचे लक्षच गेले नाही. या कादंबऱ्या मुख्यतः इव्हँजेलिकल ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांमधून येतात आणि त्यांचा मोठा वाचकवर्गही त्याच पंथातल्या स्त्रियांचा आहे. त्या पंथात ‘माझे तारण झाले आहे’ हे ठामपणे म्हणता येणे हे श्रद्धेचे लक्षण मानतात. जुन्या वळणाच्या आमिश माणसाला मात्र असे म्हणणे अहंकाराचे वाटते; आपण आशेने जगावे, निवाडा देवाने करावा, अशी त्यांची धारणा. ‘गेलासेनहाइट’ म्हणजे स्वतःला सोडून देणे, नमते घेणे, हा तिथला सद्गुण. आणि कादंबरीतली नायिका काय करते? ती माळ्यावर एकटी बायबल वाचते, तिला एके रात्री वैयक्तिक साक्षात्कार होतो, आणि ती दुसऱ्या दिवशी ‘आता मला खात्री आहे’ असे म्हणत गोठ्यात जाते. टोपी आमिश आहे, झग्याच्या टाचण्याही बरोबर आहेत, पण आतला जीव उपनगरातल्या वाचकाचा आहे. टाचण्यांवर वाद घालणाऱ्यांना हे दिसले नाही, कारण टाचण्या मोजता येतात.

सोज्वळतेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे मात्र खरोखर जड आहेत. पहिला असा की, नायिका राहते हे खोटे कसे म्हणता? आमिश घरांत जन्मलेल्या मुलांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मुले शेवटी बाप्तिस्मा घेतात. रुमस्प्रिंगा म्हणजे दारू आणि शहरातली पळापळ, हे चित्र टीव्हीने मोठे केले. बहुतेक मुले त्या काळात आईबापांच्याच घरी राहतात, काम करतात आणि रविवारी गाणी म्हणतात. हे सगळे मला मान्य आहे, आणि म्हणूनच नायिकेने शेवटी पळून जावे अशी माझी मागणी नाही. पण शंभरातली पंच्याऐंशी राहतात ही बेरीज झाली; त्या पंच्याऐंशींतल्या प्रत्येकीला आपण बेरजेत कुठे बसणार हे आधी ठाऊक नसते. कादंबरी बेरजेची गोष्ट सांगत नाही, एकीची सांगते. राहणाऱ्या मुलीने काय सोडले, हे वजन करून दाखवल्याशिवाय तिचे राहणे मोठे कसे वाटणार? आठवीनंतर शाळा नाही, हे तिला कधी खुपले का? वर्गात सर्वांत पुढे असलेली मैत्रीण बाहेर पडली आणि नर्स झाली, तिचे पत्र आले तेव्हा हिने ते कुठे बसून वाचले? या गोष्टी गाळल्या की उरते ते राहणे नव्हे, नुसते हललीच नाही एवढेच.

दुसरा मुद्दा प्रकाराचा. प्रेमकथेचा शेवट गोडच असायचा, तो करारच आहे; त्यावर आक्षेप घेणे म्हणजे अभंगात विठ्ठल का येतो असे विचारण्यासारखे. शिवाय बायका वाचतात म्हणून हा प्रकार हिणवला जातो, युद्धकथांना असे कुणी हिणवत नाही, हेही खरे. पण कराराने शेवट बांधला जातो, वाट नाही. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. शेवटी शारदेचे लग्न कोदंडाशी लागते, म्हणजे शेवट गोडच. तरी त्या नाटकाने पैशासाठी म्हाताऱ्याला मुलगी देणाऱ्या समाजाची झोप उडवली, कारण त्या लग्नापर्यंत पोचताना मुलीच्या संमतीचा प्रश्न नाटकाने एका अंकातही बाजूला ठेवला नाही. शारदा जीव द्यायला निघेपर्यंत तो ताणला. गोड शेवट ही सबब होऊ शकत नाही. जिथे प्रश्न पुरता ताणला आहे तिथेच तो गोड लागतो.

आता धंदा म्हणून नावे ठेवणाऱ्या तटाच्या मनातली आदर्श कादंबरी पाहा, म्हणजे तिचाही शेवट आधी ठरलेलाच आहे हे दिसेल. तिच्यात मुलगी रात्री खिडकीतून उतरते, बस पकडते, केस मोकळे सोडते आणि महाविद्यालयात नाव घालते. पळून जाणाऱ्यांच्या कहाण्यांचाही एक बाजार आहे, टीव्हीवर तर तो उघडपणे चालतो, आणि तिथेही मुलीला काय वाटते यापेक्षा प्रेक्षकाला काय वाटायला हवे हेच महत्त्वाचे असते. या बाबतीत १९७२ चा ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवण्यासारखा आहे. विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरस इथल्या तीन पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवले नाही. कायदा सोळाव्या वर्षापर्यंत शाळा मागत होता. प्रत्येकाला ५ डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. दोन्ही तट आजही हाच निकाल आपापल्या सोयीने उगाळतात. त्यातला न्यायमूर्ती डग्लस यांचा अंशतः वेगळा अभिप्राय मात्र क्वचितच कुणी उघडून पाहतो. त्यांचे म्हणणे असे की, पालक आणि सरकार यांच्या भांडणात खुद्द मुलांना कुणी विचारलेच नाही. भविष्य त्यांचे पणाला लागले आहे, तर त्यांचे ऐका. तिन्ही मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष नोंदवली गेली होती. ती पंधरा वर्षांची होती, आणि आपल्या स्वतःच्या धर्मश्रद्धेमुळे आपल्याला हायस्कूलला जायचे नाही असे तिने सांगितले होते. म्हणून तिच्या वडिलांच्या बाबतीत डग्लस यांनी बहुमताला साथ दिली, उरलेल्या दोन मुलांच्या बाबतीत नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते. विचारल्यावर मुलगी ‘नको’ म्हणाली, आणि न्यायमूर्तींना तेवढे पुरले. त्यांना तिला शाळेत ढकलायचे नव्हते, ऐकायचे होते. कायद्याला ते तिघांपैकी एकीच्या बाबतीत जमले. कादंबरीला हे काम कुणी अडवलेले नसताना ती ते का करत नाही?

याचे एक उत्तर अमेरिकेतल्या मराठी आयांनी प्रामाणिकपणे स्वतःलाही विचारावे. आमच्या मंडळात या पुस्तकांना सर्वांत जास्त माया लावली ती वयात आलेल्या मुली घरात असणाऱ्यांनी. मुलगी जरा इकडेतिकडे फिरते, बाहेरच्या मुलाबरोबर चार दिवस हिंडते, आणि शेवटी आपल्यातल्याच कुणाशी, आपल्याच रीतीने, आईच्या डोळ्यांदेखत लग्न करते. हे स्वप्न लँकेस्टरचे की न्यू जर्सीतल्या एडिसन गावचे, हे सांगणे कठीण आहे. ‘आमची मुले पण थोडं रुमस्प्रिंगा करून परत येतील,’ असे एक जण हसत म्हणालीही. त्यात वाईट काही नाही. मलाही मुलगी आहे. पण मुलगी परत येणारच हे आपण आधी ठरवून टाकले असेल, तर तिला दिलेली मोकळीक ही मोकळीक नसते, मुदत असते. आमिशांना निदान हा फरक माहीत आहे. त्यांच्या रीतीतच तो लिहून ठेवला आहे, आणि तिच्यावर बेतलेल्या कादंबऱ्यांनी नेमके तेच पान गाळले आहे.

बाप्तिस्म्याची तयारी उन्हाळ्यात सुरू होते. उपासना एक रविवार आड असते. पहिले संथ गीत चालू असताना धर्मसेवक वरच्या खोलीत जातात आणि त्यांच्यामागून उमेदवार मुलेमुली. १६३२ च्या डॉर्डरेख्ट कबुलीनाम्यातली, म्हणजे पंथाच्या श्रद्धांच्या लेखी मांडणीतली, १८ कलमे नऊ बैठकांत शिकवली जातात. मुलग्यांना आणखी एक गोष्ट कबूल करावी लागते, जी मला कुठल्याही नायकाच्या मनात डोकावलेली दिसली नाही: पुढे कधी चिठ्ठी आपल्या नावाची निघाली तर आयुष्यभर विनामोबदला धर्मसेवक व्हायचे. मग बाप्तिस्म्याच्या आदल्या शनिवारी बिशप उमेदवारांना पुन्हा बोलावतो आणि सांगतो की, अजूनही मागे फिरता येईल. शपथ घेऊन मोडण्यापेक्षा ती न घेणे बरे. दुसऱ्या दिवशी ती मंडळीसमोर गुडघे टेकून बसेल, तिची टोपी उतरवली जाईल, बिशप तिच्या डोक्यावर ओंजळ धरेल, डीकन, म्हणजे त्याचा साहाय्यक धर्मसेवक, त्या ओंजळीत तीनदा पाणी ओतेल, आणि बिशपची बायको तिला उठवून शांतीचे चुंबन देईल. पण ते रविवारचे झाले. शनिवारी संध्याकाळी ती अजून कुणाचीच नाही. लँकेस्टरकडची लग्ने मुख्यतः नोव्हेंबरात, मंगळवारी किंवा गुरुवारी होतात, आणि पंगतीला सेलरी भरपूर लागते, म्हणून मुलीचे लग्न अपेक्षित असलेल्या घरी ती उन्हाळ्यातच जास्तीची लावतात. शेजारणी कुंपणावरून ओळी मोजून काय ते ओळखतात. म्हणजे बिशप तिला ‘अजून मागे फिरता येईल’ असे सांगत असताना घरामागच्या वाफ्यात सेलरी गुडघ्याएवढी झालेली आहे, आणि ती कुणी लावली, किती ओळी लावल्या, हे तिला चांगले ठाऊक आहे. त्या बैठकीतून ती एकटी चालत घरी येते. मला ती वाट वाचायची आहे.